प्रवाही उत्प्रेरकी भंजन

खनिज तेलातील लांब साखळीचे जड हायड्रोकार्बन (कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे) उत्प्रेरकाच्या, म्हणजे रासायनिक क्रिया वेगवान करणाऱ्या पदार्थाच्या, साहाय्याने तोडून पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस आणि प्रोपिलीन मिळवण्याची प्रक्रिया. तेलशुद्धीकरण कारखान्यात तिला एफसीसी (फ्लुइड कॅटॅलिटिक क्रॅकिंग) म्हणतात.

ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उंच मनोऱ्यात तेलाची वाफ करून ती निरनिराळ्या तापमानांना थंड केल्याने, कच्च्या तेलाचे घटक केवळ वेगळे होतात. त्यात पेट्रोल मुळातच कमी असेल, तर मनोरा कितीही उंच बांधला तरी ते वाढत नाही; तळाशी जड तेल उरतेच. ते भंजनाने मार्गी लागते. १६ कार्बनांचा हेक्झाडेकेन मधोमध तुटला, तर एक ऑक्टेन आणि एक ऑक्टीन मिळतो. दोन्ही तुकड्यांना पुरेल इतका हायड्रोजन नसल्याने एकात दुहेरी बंध राहतो. प्रोपिलीनसारखे असे लहान रेणू पुढे प्लॅस्टिकसाठी लागतात.

नुसत्या उष्णतेने भंजन करण्याचे पेटंट रशियात व्लादिमीर शुखोव यांनी १८९१ मध्ये घेतले होते. अमेरिकेत विल्यम बर्टन यांची पद्धत १९१३ पासून चालली. फ्रेंच अभियंता युजीन हूड्री यांनी उत्प्रेरक आणला आणि १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मार्कस हुक येथे त्यांचा मोठा संच सुरू झाला. पण भंजनात कोक, म्हणजे कार्बनाचा थर, उत्प्रेरकावर बसतो आणि त्याचे काम थांबते. हूड्रींच्या संचात तेल थांबवून तो जाळावा लागे.

२५ मे १९४२ रोजी लुइझियानातील बॅटन रूज येथे सुरू झालेल्या संचाने ही अडचण सोडवली, आणि ती ज्या रीतीने सोडवली ते रासायनिक अभियांत्रिकीतील अत्यंत देखणे काम आहे. उत्प्रेरक पिठासारखा बारीक केला, की वायूच्या झोतात ती भुकटी द्रवासारखी वाहते. तापलेली भुकटी उभ्या नळीत तेलाला भेटते, तेलाची वाफ होते आणि सुमारे ५०० ते ५५० अंश सेल्सियसला काही सेकंदांत भंजन उरकते. वाफ वेगळी होऊन ऊर्ध्वपातनाला जाते. काळी पडलेली भुकटी पुनर्जननपात्रात उतरते. तिथे हवा सोडून सुमारे ७०० अंशांना कोक जाळतात. भंजन उष्णता शोषणारे आहे, आणि ती उष्णता कोकच्या ज्वलनातून मिळते. उत्प्रेरक निकामी करणारा पदार्थच संचाचे इंधन होतो, शिवाय तेल कुठेही थांबत नाही. १९६० च्या दशकात चार्ल्स प्लँक आणि एडवर्ड रोझिन्स्की यांच्या झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचे स्फटिकी खनिज) उत्प्रेरकाने पेट्रोलचा उतारा आणखी वाढवला.

मुंबईत माहुल परिसरातील हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम यांच्या कारखान्यांत असे संच आहेत.

जड तेलातील निकेल आणि व्हॅनेडियम उत्प्रेरकाला मारक ठरतात. डिझेलच्या बाबतीतही ही पद्धत उणी पडते: तिच्यातून निघणाऱ्या मध्यम तेलात ॲरोमॅटिक (कार्बनाच्या वलयांचे) घटक फार, त्यामुळे त्याचा सीटेन अंक, म्हणजे इंजिनात सहज पेट घेण्याचे माप, कमी. भारतात डिझेलचा खप पेट्रोलपेक्षा बराच जास्त असल्याने इथे हायड्रोजनच्या दाबाखाली होणाऱ्या हायड्रोभंजनाचीही जोड द्यावी लागते.