एआय कोडिंग सहायक टीममध्ये आणताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

काही टीमनी एआय कोडिंग सहायक घ्यायचं आत्ताच ठरवलेलं असतं. काही ठिकाणी चार जण चार तऱ्हांनी तो आधीपासून वापरत असतात आणि आता सगळ्यांची एक पद्धत बसवायची असते. दोघांनाही आम्ही पहिल्या भेटीत एकच गोष्ट सांगतो. कोड लिहून होण्याचा वेग लगेच वाढेल, पण तो कोड तपासण्याची टीमची ताकद आपोआप वाढणार नाही. म्हणून आधी तपासणीची सोय करा आणि मग सहायक आणा.

हा सहायक काम कसा करतो

जून २०२१ मध्ये गिटहब कोपायलट चाचणीसाठी खुला झाला, तेव्हा तो एडिटरमध्ये पुढच्या ओळी सुचवायचा. आजचे सहायक स्वतः फाइली शोधतात, वाचतात, बदलतात, टर्मिनलमध्ये कमांड चालवतात आणि टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणारा छोटा कोड) नापास झाली तर पुन्हा हात घालतात. आत मात्र भाषेचं मॉडेलच आहे. समोरचा मजकूर पाहून पुढचा तुकडा कोणता यावा, याचा ते अंदाज बांधतं. त्यामुळे बरोबर उत्तर आणि चुकीचं उत्तर दोन्ही ते सारख्याच ठामपणे देतं. शिवाय त्याच्यासमोर एका वेळी मावेल तेवढाच मजकूर असतो. बैठकीत तोंडी ठरलेला आणि कुठेच न लिहिलेला नियम त्याला कळायला मार्ग नाही.

आधी रिपॉझिटरी नीट करा

रिपॉझिटरी म्हणजे प्रोजेक्टचा सगळा कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवण्याची जागा. टीममध्ये नवीन माणूस आला तर कोणालाही न विचारता त्याला प्रोजेक्ट चालू करता येतो का? सगळ्या टेस्ट एका कमांडने चालतात का? याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर सहायकाचं लायसन्स थोडं थांबू द्या आणि हे काम आधी उरका. टेस्ट, लिंटर (कोडमधल्या ठरावीक चुका दाखवणारं साधन) आणि सीआय (प्रत्येक बदलानंतर या तपासण्या आपोआप चालवणारी व्यवस्था) जागेवर असतील तर सहायकाला स्वतःची चूक स्वतःच दिसते. ते नसतील तर प्रत्येक चूक माणसालाच शोधावी लागते.

त्यानंतर सूचनांची फाइल लिहा. बरेच सहायक रिपॉझिटरीच्या मुळाशी असलेली ‘एजंट्स डॉट एमडी’ (AGENTS.md) नावाची फाइल वाचतात, काहींचं स्वतःचं वेगळं नाव असतं. या फाइलमध्ये काय लिहायचं, यावरून टीममध्ये बरीच चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. ‘स्वच्छ आणि दर्जेदार कोड लिहा’ या वाक्याने काहीही साधत नाही. उपयोगी सूचना अशा असतात: ‘रक्कम नेहमी पैशांच्या पूर्णांकात ठेवायची, रुपयांच्या दशांशात नाही’, ‘जुन्या रिपोर्ट मॉड्यूलला हात लावायचा नाही, ते काढून टाकणार आहोत’, ‘नवीन पॅकेज घालण्याआधी विचारायचं’. म्हणजे कोड वाचून जे कळत नाही, तेच तिथे हवं. फाइल छोटी ठेवा, कारण ती प्रत्येक कामात संदर्भ म्हणून जाते आणि पानंच्या पानं सूचना असल्या की महत्त्वाची सूचना त्यात बुडते. कोडइतकाच तिचाही रिव्ह्यू करा, म्हणजे दुसऱ्याने ती वाचून तपासावी.

पहिली कामं कोणती द्यावीत

ज्याचं उत्तर लगेच तपासता येतं, असं काम. अनोळखी मॉड्यूल समजावून घेणं, चालू फंक्शनसाठी टेस्ट लिहिणं, पुन्हा घडवून दाखवता येणारा छोटा बग, वीस फाइलींमध्ये करायचा एकसारखा बदल. लॉगिन, परवानग्या, पैशांचे व्यवहार आणि चालू डेटाबेसचं स्थलांतर सुरुवातीला बाजूला ठेवा.

मागणी कशी करता, यावर बरंच अवलंबून असतं. ‘तारखेचा बग दुरुस्त कर’ असं म्हटलं तर सहायक कुठलातरी बग दुरुस्त करेल. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘महिन्याच्या शेवटच्या दिवशी केलेली नोंद अहवालात पुढच्या महिन्यात दिसते. आमचा अंदाज असा की टाइमझोन बदलताना गडबड होते आहे. आधी कारण शोधून सांग, फाइल बदलू नकोस. मग नापास होणारी टेस्ट लिही. ती आम्ही पाहिली की दुरुस्ती कर.’

यातली नापास होणारी टेस्ट वगळू नका. दुरुस्तीआधी ती नापास झाल्याचं माणसाने डोळ्यांनी पाहिलं, तरच नंतर ती पास होण्याला अर्थ आहे. काही वेळा सहायक कोड सुधारण्याऐवजी टेस्टच सैल करतो किंवा अपेक्षित उत्तर कोडमध्ये थेट लिहून ठेवतो. म्हणून बदल वाचताना टेस्टच्या फाइली आधी उघडा.

रिव्ह्यूमध्ये काय पाहावं

२०२५ मध्ये एमईटीआर या संशोधन संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरना त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं दिली. काही कामांत एआय वापरायला परवानगी होती, काहींत नव्हती. एआयची परवानगी असलेल्या कामांना सरासरी १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि तरीही काम संपल्यावर त्या डेव्हलपरना आपण सुमारे २० टक्के वेगाने काम केलं असंच वाटत होतं. अभ्यास छोटा होता, साधनं तेव्हाची होती, त्यामुळे तुमच्या टीमचं तसंच होईल असं नाही. पण ‘वेग वाढल्यासारखं वाटतं’ याला आम्ही पुरावा मानत नाही, याचं कारण हेच.

पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये मिसळून (मर्ज करून) घेण्याची विनंती, छोट्या ठेवा. ज्याच्या नावाने ती उघडली, त्याला तिच्यातली प्रत्येक ओळ समजावून सांगता आली पाहिजे; ‘हे एआयने लिहिलं’ हे उत्तर चालणार नाही, असं पहिल्याच दिवशी ठरवून टाका. नेहमी सापडणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. एरर गुपचूप गिळून टाकणारे ट्राय-कॅच ब्लॉक (एरर आली तर काय करायचं ते सांगणारा कोड), आधीच असलेल्या फंक्शनची दुसरी प्रत, न मागितलेली सोय. आणि अस्तित्वातच नसलेलं पॅकेज (दुसऱ्याने लिहून प्रसिद्ध केलेला तयार कोड). ही शेवटची चूक धोक्याची आहे, कारण मॉडेल वारंवार सुचवतं अशी काल्पनिक नावं हेरून कोणीही त्या नावाने घातक पॅकेज प्रसिद्ध करू शकतो. प्रत्येक नवीन पॅकेज कोणाचं आहे आणि किती जुनं आहे, हे पाहूनच घ्या.

गुपितं आणि परवानग्या

वैयक्तिक खात्यांवरून कंपनीचा कोड पाठवू नका. संस्थेचं खातं घ्या आणि तुमचा मजकूर प्रशिक्षणासाठी वापरला जातो का, किती काळ साठवला जातो, हे करारात वाचून घ्या.

पासवर्ड आणि एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरण्याची गुप्त किल्ली) असलेली फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे रिपॉझिटरीत न घ्यायच्या फाइलींच्या यादीत, आहे म्हणून ती सुरक्षित आहे, असा समज खूप टीममध्ये दिसतो. गिटइग्नोरमुळे फाइल कमिट होत नाही, म्हणजे रिपॉझिटरीच्या इतिहासात जात नाही, एवढंच. ती डिस्कवर असतेच आणि फाइली वाचणाऱ्या सहायकाला ती वाचता येऊ शकते. सहायकाच्या सेटिंगमध्ये ती वेगळी वर्ज्य करा, आणि त्याहून बरं म्हणजे त्या मशीनवर खऱ्या सर्व्हरच्या की ठेवूच नका. एखादी की चुकून गेली तर ती लगेच रद्द करून नवी काढा.

वाचणं आणि टेस्ट चालवणं याला खुशाल मोकळीक द्या. फाइल डिलीट करणं, पुश (बदल सामायिक रिपॉझिटरीत पाठवणं), डिप्लॉय (खऱ्या सर्व्हरवर चढवणं) आणि इंटरनेटवरून काही उतरवणं माणसाला विचारूनच व्हावं. बाहेरून आलेल्या मजकुरात, मग तो एखाद्या बग रिपोर्टमध्ये असो किंवा लायब्ररीच्या माहितीत, सहायकाला उद्देशून सूचना लपवलेल्या असू शकतात आणि तो त्या आज्ञा समजून पाळू शकतो. जास्त मोकळीक हवी असेल तर त्याला वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनच्या बाकी भागापासून अलग ठेवलेल्या जागेत, चालवा.

नवशिके आणि मोजमाप

नव्या डेव्हलपरची आम्हाला विशेष काळजी वाटते. अडखळत, चुकत शिकण्याचा त्यांचा टप्पा सहायकामुळे सहज निसटतो. त्यांना आठवड्यातली काही कामं सहायकाशिवाय द्या, आणि बाकी कामांत कोड मागण्याआधी स्वतःचा मार्ग दोन वाक्यांत लिहायला सांगा. ज्येष्ठांनी यासाठी वेळ काढलाच पाहिजे.

किती ओळी लिहून झाल्या किंवा किती सूचना स्वीकारल्या, हे मोजू नका. पुल रिक्वेस्ट उघडल्यापासून मर्ज होईपर्यंतचा वेळ, रिलीजनंतर सापडलेले बग आणि लिहिल्यावर लगेच पुन्हा बदलावा लागलेला कोड, हे आकडे सहायक येण्याआधीपासून जमवा. आधीचे आकडेच नसतील तर नंतर कशाशी ताडून पाहणार?

आमचं काम

आम्ही तुमच्या एका रिपॉझिटरीपासून सुरुवात करतो, सूचनांची पहिली फाइल टीमसोबत बसून लिहितो आणि पहिल्या काही रिव्ह्यूंना हजर राहतो. वेग अमुक टक्के वाढेल, असं आश्वासन आम्ही देत नाही. भेटीआधी टेस्ट चालवण्याची कमांड, नुकत्याच मर्ज झालेल्या दोन-तीन पुल रिक्वेस्ट आणि सहायकाने कधीच हात लावू नये अशा फोल्डरांची यादी तयार ठेवा. भेटीला प्रोजेक्टमधला सगळ्यात जुना आणि सगळ्यात नवा असे दोघेही डेव्हलपर हवेत, कारण काय लिहून ठेवायचं राहिलं आहे हे त्या दोघांच्या बोलण्यातूनच लवकर कळतं.