सेल्फीतलं नाक

सेल्फीत नाक पसरट दिसतं म्हणून ऑपरेशनला निघालेल्या प्रत्येक मुलीला आधी थोडी भूमिती कळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

सेल्फी काढताना फोन चेहऱ्यापासून बऱ्याचदा जेमतेम ३० सेंटीमीटरवर असतो. नाकाचा शेंडा ३० वर, तर कान त्याच्या दहा-बारा सेंटीमीटर मागे. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. त्यामुळे फोटोत नाक फुगतं आणि कान आक्रसतात. तोच फोन दीड मीटरवर ठेवला, तर अंतरं होतात १५० आणि १६२. फरक जवळपास पुसला जातो. लोक लेन्सला नावं ठेवतात, पण खोट अंतरात आहे.

न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठातले सर्जन बोरिस पास्कोव्हर यांना रुग्ण सेल्फी दाखवून नाकाची तक्रार करत. त्यांनी संगणकतज्ज्ञांना सोबत घेऊन हिशेब मांडला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध केला: दीड मीटरवरच्या फोटोच्या तुलनेत ३० सेंटीमीटरवरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद भासतं. त्याआधी, २०१७ मध्ये, अमेरिकेतल्या चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने सदस्यांना विचारलं होतं. सेल्फीत चांगलं दिसायचंय म्हणून रुग्ण येतात, असं ५५ टक्के सर्जनांनी सांगितलं.

वरून फिल्टर. तो नाक चाफेकळीसारखं करतो, डोळे मोठे, कातडी नितळ. पूर्वी तुलना नटीशी व्हायची. आता मुलगी स्वतःच्याच सुधारलेल्या चेहऱ्याशी करते, आणि ही तुलना जास्त बोचते, कारण तो चेहरा हाताशी असल्यासारखा वाटतो. शस्त्रक्रियेचा परिणाम दाखवणारे फिल्टर काढून टाकू, असं इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये जाहीर केलं. पण नुसतं नाक बारीक करणाऱ्याला शस्त्रक्रियेचा फिल्टर म्हणायचं की नाही, हे कोण ठरवणार?

काहींना मात्र इतरांना जाणवतही नसलेला दोष तासन्‌तास छळतो. हा मानसिक आजार आहे. त्यावर समुपदेशन आणि औषधं चालतात. ऑपरेशनने बहुधा समाधान होत नाही, खटकणारी जागा तेवढी बदलते. अशा मुलीला सुरीखाली घेणं मला अन्यायाचं वाटतं.

इतरांनी फोन दीड मीटरवर टेकवून, टायमर लावून, झूम करून एक फोटो काढावा. नाकाच्या ऑपरेशनआधी सर्जनही फोटो असेच लांबून घेतात. तारीख ठरवण्याआधी ते फोटो मागून घ्या आणि सेल्फीशेजारी ठेवून बघा.