टाकळीचे जीवाश्मथर (नागपूर)

नागपूरच्या वायव्येला टाकळी परिसरात काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गाळाचा पातळ थर सापडतो. त्यात सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या गोगलगायी, माशांचे खवले, बिया, फळे आणि भुंगेऱ्यांच्या पंखांवरची कवचे दगड होऊन राहिली आहेत. भूविज्ञानात लाव्ह्याच्या काळ्या पाषाणाला ‘ट्रॅप’ आणि त्यात मधोमध सापडणाऱ्या अशा थरांना ‘आंतरट्रॅपी थर’ म्हणतात. भारतातल्या या थरांचा अभ्यास ज्या थोड्या जागांपासून सुरू झाला, त्यांत टाकळीचे नाव फार वरचे आहे. खुद्द नागपुरात मात्र ते क्वचितच कुणाच्या तोंडी येते.

विदर्भात विहीर खणणाऱ्याला क्रम पाठ असतो : वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे डेक्कन ट्रॅपचा, दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांचा बेसाल्ट. तो एका दमात ओतला गेला नाही. जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वर येई, मैलोन्‌मैल पसरे आणि थंड होई. मग पुढचा लोट येईपर्यंत हजारो वर्षे शांततेत जात. लाव्ह्याने ओढ्यांच्या वाटा अडवलेल्या असत, त्यामुळे खोलगट जागी पाणी साचून तळी होत. तळ्यांत शेवाळ धरे, मासे येत, काठावर झाडे वाढत. पुन्हा लाव्हा आला की ते तळे गाळासकट गाडले जाई. पुढे सिलिकायुक्त पाणी मुरून गाळाची गारगोटीसारखी कठीण चर्ट बने, म्हणूनच बारीकशी बीसुद्धा आपला आकार टिकवून राहिली. हे थर बहुधा काही फुटांचेच असतात. टाकळीला जाणे जमत नसेल त्याने नागपुरातली सीताबर्डीची टेकडी आठवावी. 1817 च्या लढाईमुळे ही टेकडी सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्या पोटातही लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये असाच तळ्याचा गाळ आहे. किल्ल्याची टेकडी खालपासून वरपर्यंत एकाच दगडाची, असा जो समज होतो तो खरा नाही.

टाकळीच्या थरांचा शोध लागला 1851 मध्ये. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे दोघे स्कॉटिश मिशनरी शाळा चालवायला आणि धर्मप्रसार करायला आले होते. भूविज्ञान ही त्यांची नोकरी नव्हती. टाकळीकडे फिरताना त्यांना दगडात गोड्या पाण्यातले शंख दिसले. असे शंख कंपनीच्या सेवेतले डॉक्टर माल्कमसन यांनी आधीच हैदराबाद-नागपूर वाटेवरच्या डोंगरांत पाहिले होते, त्यामुळे पहिला मान त्यांचाच. पण चिकाटीने एक-एक दगड फोडून, निवडून, चिठ्ठी लावून संग्रह उभा केला तो या दोघांनी. 1855 मध्ये त्यांचा नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. 1860 मध्ये हिस्लॉप यांनी शंखांवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्याच सुमारास नागपूरच्या जीवाश्म कीटकांचे वर्णन निसर्गअभ्यासक अँड्र्यू मरे यांनी केले. भुंगेऱ्याच्या पंखावरचे कवच नखाएवढेही नसते. सहा-साडेसहा कोटी वर्षे दगडात राहूनही ते ओळखता यावे आणि कुणीतरी थांबून ते ओळखावे, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच विलक्षण वाटतात.

या जोडीची नजर टाकळीपुरती नव्हती. नागपूरच्या दक्षिणेला मांगली येथील वालुकाश्मातून हिस्लॉप यांना एक कवटी मिळाली. ती रुंद, चपट्या डोक्याच्या उभयचराची होती, डेक्कन ट्रॅपपेक्षा कितीतरी जुनी. 1855 मध्ये ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तिला ‘ब्रॅकिओप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले. हंटर पुढे मायदेशी परतले आणि त्यांनी सात खंडांचा विश्वकोशीय इंग्रजी शब्दकोश संपादित केला. 

हिस्लॉप यांचे नाव आज नागपूरकरांना महाविद्यालयामुळे माहीत आहे. त्यांनी 1846 मध्ये सुरू केलेल्या शाळेतून वाढत 1883 मध्ये ते महाविद्यालय झाले. पण हेच नाव आणखी दोन ठिकाणी आहे. ‘हिस्लॉपाइट’ हे एका हिरव्या खनिजाला दिलेले नाव. ‘हिस्लोपिया’ हा गोड्या पाण्यात बुडालेल्या दगडा-काडीला चिकटून वसाहतीने राहणारा इवलासा प्राणी. 1858 मध्ये निसर्गअभ्यासक कार्टर यांनी त्याचे वर्णन केले ते नागपूरच्याच तळ्यातल्या नमुन्यावरून. गाडलेल्या तळ्यातले जीव शोधणाऱ्याचे नाव जित्या तळ्यातल्या जिवाला मिळाले, याहून चांगले स्मारक सुचणे कठीण.

त्यांचा शेवट बुटीबोरीजवळ झाला. टाकळघाट परिसरात मोठे दगड वर्तुळाकार मांडलेली प्राचीन दफनस्थळे आहेत. (टाकळी आणि टाकळघाट या दोन वेगळ्या जागा; नामसाम्याने अनेकांची गफलत होते.) सप्टेंबर 1863 मध्ये ती उकरून पाहण्यासाठी हिस्लॉप तेथे गेले होते, सोबत मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल होते. बाकीचे बोरीच्या मुक्कामाकडे निघाले, हिस्लॉप गावातली शाळा पाहायला मागे राहिले. अंधार पडल्यावर ते घोड्यावरून एकटेच निघाले. वाटेतला नाला पुराने फुगला होता. मुक्कामावर घोडा पोचला, पण पाठीवर स्वार नव्हता. शोध घेतल्यावर त्यांचा मृतदेह मिळाला. तेव्हा त्यांचे वय शेहेचाळिशीला चार दिवस कमी होते.

त्यांच्या कागदांत दगडांखेरीज आणखी एक ठेवा निघाला. गोंडांच्या कथा गाणाऱ्या प्रधान जमातीकडून ऐकून उतरवून घेतलेली, गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची कथा सांगणारी गोंडी गीते त्यात होती. टेंपल यांनी 1866 मध्ये हे कागद छापले. मला स्वतःला हिस्लॉप यांचे हे काम जीवाश्मांच्या कामाइतकेच मोलाचे वाटते. पुढे 1968-69 च्या हंगामात नागपूर विद्यापीठातर्फे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि लोखंड वापरणाऱ्या महापाषाणीय (दफनांभोवती मोठे दगड मांडणाऱ्या) लोकांचे अवशेष उजेडात आणले.

टाकळीकडचे मोकळे माळ आता शहराने व्यापले आहेत. तरी नागपूरच्या आसपास पायाचा खड्डा, विहीर किंवा रस्त्याची कड खणताना काळ्या दगडात फिकट, कठीण, गारगोटीसारखा पट्टा दिसला तर तो नीट न्याहाळावा. त्यात सर्वांत सहज ओळखू येणारा जीव म्हणजे ‘फायसा’ या नावाने प्रसिद्ध झालेली गोगलगाय. तिचा शंख टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरला, तर उघडी बाजू डाव्या हाताला येते. बहुतेक गोगलगायींची ती उजवीकडे असते. देवघरात मोलाने जपला जाणारा दक्षिणावर्ती शंखही असाच धरून पाहिला तर याच डाव्या वळणाचा निघतो. त्या शंखात हे वळण लाखांत एखाद्याला मिळते, फायसाच्या मात्र सगळ्या कुळाचेच ते वळण आहे.