अक्षर कोणत्या सुराखाली? नोटेशन करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘गाणं नोटेशनमध्ये (म्हणजे स्वरांच्या खुणांत) उतरवून द्या’ म्हणत येणारे बहुतेक जण वहीत लिहिलेले शब्द घेऊन येतात. चाल ‘पाठवतो नंतर’ म्हणून राहते. आमच्या कामातला निम्मा घोळ तिथेच सुरू होतो, म्हणून हे पत्रक.

पाच रेघांच्या नोटेशनमध्ये स्वर छापणं त्या मानाने सोपं. खरी कसोटी खालच्या शब्दांची. प्रत्येक शब्द तोडून त्याचा एकेक तुकडा नेमक्या त्याच्या स्वराखाली बसवावा लागतो. आणि मराठी शब्द कुठे तोडायचा हे शब्दकोशाला विचारून भागत नाही, गाणाऱ्याला विचारावं लागतं.

उदाहरणापुरती आम्हीच जुळवलेली ही ओळ घ्या: ‘अंगणात माझ्या पारिजात फुले, गंध दरवळे पहाटेला’. मोठ्या अभंगाचं माप आहे, सहा-सहा-सहा-चार अक्षरं. बोलताना आपण ‘अं-ग-णात’ म्हणतो, तीन तुकड्यांत शब्द संपतो. अभंगाच्या चालीत मात्र शेवटच्या ‘त’ला स्वतःचा स्वर मिळतो, म्हणजे तुकडे चार. ‘दरवळे’ बोलताना ‘दर-व-ळे’, गाताना बऱ्याचदा ‘द-र-व-ळे’. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. भावगीताच्या ढंगात बांधलेल्या चालीत संगीतकार बोलण्यातलाच उच्चार ठेवतो, आणि मग ‘दर’ ही दोन अक्षरं मिळून एकाच स्वराखाली जातात.

यात आम्ही स्वतः एकदा आपटलो आहोत. एका शाळेचं समूहगीत होतं. शब्द टाइप होऊन आले, चाल कुणीतरी फोनवर घाईघाईत गुणगुणली. आम्ही सरळ अक्षरागणिक शब्द तोडले. तालमीत पहिल्या ओळीच्या शेवटी स्वर संपले आणि मुलांच्या तोंडात एक अक्षर उरलं. बाईंनी पेनाने ‘द’ आणि ‘र’ला गोल करून पान परत पाठवलं. तेव्हापासून रेकॉर्डिंगशिवाय काम सुरू करत नाही.

जोडाक्षरांचं विचाराल तर आम्ही ती फोडत नाही. ‘शक्ती’ हा शब्द ‘श-क्ती’ असाच छापतो. उच्चाराने ‘शक्-ती’ बरोबर आहे, पण पाय मोडलेला क मधेच लोंबकळला की वाचणारा अडखळतो. गाणाऱ्याला पुढचं जोडाक्षर दिसत असतं, आघात तो आपोआप घेतो.

भातखंडे पद्धतीत, म्हणजे सा-रे-ग-म अक्षरांत, लिहिलेली वही आणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या पद्धतीत अक्षर लांबलं की शब्दांच्या ओळीत ऽ हे चिन्ह येतं, स्वर तोच राहो वा बदलो. पाच रेघांवर आणताना त्या एका चिन्हाच्या दोन वाटा होतात. स्वर तोच असेल, नुसता लांबला असेल, तर खाली काहीच लिहायचं नाही, कारण स्वराची लांबी त्याच्या आकारातच दिसते. स्वर बदलत असतील तर वर स्लरची, म्हणजे स्वर जोडणारी, कमान येते आणि खाली अक्षराची लांबण दाखवावी लागते: शब्दाच्या मध्ये असेल तर हायफन, शब्दाच्या शेवटी असेल तर आडवी रेघ. ‘फुले’मधला ‘ले’ चार स्वर घोळवला तर ‘ले’ पहिल्या स्वरापाशी डावीकडे धरून बसतो आणि रेघ चौथ्या स्वरापर्यंत जाते. एकाच स्वराचं अक्षर मात्र स्वराच्या बरोबर मध्याखाली. वहीतले ऽ तसेच्या तसे छापा असा आग्रह काही जण धरतात. छापून देऊ, पण व्हायोलिन-पियानोवाला त्यांना इंग्रजी एस समजतो, हे आधीच सांगून ठेवतो.

घरी स्वतः करून बघायचं असेल तर म्यूजस्कोअर हे नोटेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. पहिला स्वर निवडा, कंट्रोल आणि एल दाबा, अक्षर टाइप करा. शब्द चालू असेल तर हायफन, संपला तर स्पेस, की कर्सर पुढच्या स्वरावर जातो. शब्दाच्या शेवटचं अक्षर घोळवायचं असेल तर दर स्वराला एक अंडरस्कोर. इथे मराठी माणसाची हमखास फजिती होते. देवनागरी टाइप करायच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डावर शिफ्ट धरून हायफनची कळ दाबली की अंडरस्कोर नाही, विसर्ग उमटतो. आमच्याकडे आलेल्या फायलींत ‘फुलेः’ आणि ‘माझ्याः’ इतक्या वेळा पाहिलंय, की आता विसर्ग दिसला तर तिथे रेघ हवी असावी असंच धरतो. तेवढ्यापुरता कीबोर्ड इंग्रजीवर घ्यायचा, हाच उपाय. सोपा मार्ग म्हणजे शब्द आधी वेगळ्या फाइलमध्ये तोडून घ्या, ‘अं-ग-णा-त मा-झ्या’ असे, आणि कॉपी करा. मग पहिल्या स्वरावर शब्दांचा कर्सर आणून कंट्रोल आणि व्ही दाबत राहा. दर वेळी एकेक तुकडा आपल्या जागी जातो.

लिलीपाँड या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे थोडे, पण आहेत. तिथे तुकड्यांच्या मध्ये दोन हायफन, लांबणीला दोन अंडरस्कोर, दोन्हींच्या आजूबाजूला मोकळी जागा. स्लर दिलेला असेल तर त्याखालचे पहिल्यानंतरचे स्वर लिलीपाँड आपणहून अक्षराविना सोडतो, त्यामुळे गोंधळ कमी. आमचं बरंच काम आम्ही त्यातच करतो.

दुसरं-तिसरं कडवं त्याच स्वरांखाली बसवताना अक्षरं कमी-जास्त भरतात. जिथे जमत नाही तिथे आम्ही कडवं वेगळं लिहून काढतो. पानं वाढतात, पण कोंबाकोंबी टळते. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असल्यामुळे दोन कडव्यांत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. सॉफ्टवेअरने दिलेलं अंतर ठेवलं तर पहिल्या ओळीचा ‘फु’ दुसऱ्या ओळीच्या ‘वि’वर पाय देतो.

परदेशातल्या मंडळांसाठी देवनागरीखाली रोमन ओळही देतो, कारण तिथल्या मुलांना सूर वाचता येतात, अक्षरं येतातच असं नाही. रोमन मजकूर तुम्ही पाठवत असाल तर शेवटचा ‘अ’ गाळू नका. ‘अंगणात’च्या ‘त’वर स्वर असेल तर तिथे इंग्रजी ‘a’ लिहिलेलाच हवा.

काम देताना शब्द युनिकोडमध्ये द्या. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल आमच्याकडे उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. वहीचा स्वच्छ फोटोही चालेल. सोबत रेकॉर्डिंग, तेही ज्या माणसाला गाणं येतं त्याच्या आवाजात, सावकाश, वाद्यांशिवाय. पट्टी कोणती ठेवायची आणि गाणार कोण, लहान मुलं की मोठी माणसं, तेही सांगा.

पहिलं प्रूफ पीडीएफमध्ये येईल. ते वाचू नका, पानावर बोट ठेवून गा. दोन प्रूफपर्यंतच्या दुरुस्त्यांचे पैसे घेत नाही. त्यानंतर चालच बदलली असेल तर मात्र नवीन काम धरतो.