इंडिकेटर मंडलातील बिघाड शोधणे

मोटारगाडीचा इंडिकेटर न पेटणे, पेटून तसाच राहणे किंवा भरभर लुकलुकणे यांमागचा दोष हुडकण्याची पद्धत. पुढील वर्णन स्वतंत्र फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारा सुटा भाग) असलेल्या १२ व्होल्टच्या गाड्यांचे आहे.

बऱ्याच गाड्यांत वीज फ्यूज, इग्निशन, हॅझर्ड (दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकदम लावणारा) स्विच, फ्लॅशर आणि स्टिअरिंगखालची दांडी या क्रमाने बल्बपर्यंत जाते व बॉडीतून बॅटरीकडे परतते. एका बाजूला २१ वॅटचे दोन आणि ५ वॅटचा एक बल्ब असेल, तर प्रवाह सुमारे ४ अँपिअर असतो. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणे योग्य. एकाच बाजूचा वेग दुप्पट झाला, तर त्या बाजूचा बल्ब उडाला आहे किंवा त्याला वीज पोचत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर कमी झालेला भार असा दाखवतो. जुना, तापून चालणारा फ्लॅशर अशा वेळी उलट मंदावतो किंवा दिवा सतत पेटता ठेवतो.

मग हॅझर्ड लावून पाहावे. त्याला वेगळ्या फ्यूजमधून, चावी बंद असतानाही वीज मिळते. हॅझर्ड चालतो पण इंडिकेटर दोन्हीकडे बंद, तर इंडिकेटरचा फ्यूज, हॅझर्ड स्विचमधले झिजलेले संपर्क आणि दांडी तपासावी. दोन्ही बंद असतील, तर फ्लॅशर व त्याची अर्थ (बॉडीकडे जाणारी परतीची जोडणी) आधी पाहावी. एकच बाजू पूर्ण मृत, पण हॅझर्डमध्ये पेटते, तर दोष बहुधा दांडीच्या स्विचमध्ये.

सर्वांत जास्त वेळ खाते ती खराब अर्थ. पावसाळ्यात मागच्या दिव्यात पाणी शिरून होल्डरला हिरवा कळंक चढतो. कोकणच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. अर्थ तुटली की प्रवाह शेजारच्या बल्बमधून वाट काढतो, म्हणून इंडिकेटरबरोबर टेललाइटही मिणमिणते. इथे नुसता मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारे यंत्र) फसवतो: बल्ब काढून मोजले, तर कळंकलेल्या जोडातूनही १२ व्होल्ट दिसतात, कारण प्रवाह वाहतच नसतो. बल्ब पेटता ठेवून होल्डरची अर्थ आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांमध्ये मोजावे. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला, तर जोड घासून साफ करावा.

लुकलुकत्या दिव्यावर आकडा स्थिरावत नाही. यासाठी फ्लॅशर काढून त्याच्या सॉकेटमधील ४९ आणि ४९ए (जपानी गाड्यांत बी आणि एल) ही टोके १० अँपिअर फ्यूज लावलेल्या तारेने जोडावीत. दांडी वळवली की दिवा सलग पेटतो. आधी न पेटणारे दिवे असे जोडल्यावर पेटले, तर फ्लॅशरच बदलावा.

साध्या बल्बच्या जागी एलईडी टाकल्यासही वेग वाढतो. एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवणे हा बरा उपाय. समांतर जोडलेला ६ ओहमचा रोधक काम भागवतो, पण तो भाजण्याइतका तापतो. प्लॅस्टिकला वा वायरिंगला चिकटवू नये.

अलीकडच्या गाड्यांत लुकलुकणे बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक) करते, वेगळा फ्लॅशर नसतो. तिथे वरीलप्रमाणे टोके जोडू नयेत, मॉड्यूल जळू शकते. शॉर्ट झाल्यास ते बहुधा स्वतःच वीज तोडते. तेव्हा होल्डर आणि डिकीच्या झाकणाकडे जाणाऱ्या रबरी नळीत तुटलेल्या तारा आधी पाहाव्यात.