पाळणा थांबवणं बायकांचंच काम कसं झालं? थोडी पार्श्वभूमी

माझ्या वहिनीला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, आता सातवा लागलाय, मोठी मुलगी चार वर्षांची आहे. गेल्या रविवारी गोव्यात साखळीला घरी गेले होते तर आई भाजी चिरता चिरता अगदी सहज म्हणाली, "आता हे झालं की हिचं ऑपरेशन करून टाकूया, बाळंतपणातच होऊन जातं, परत वेगळं जायला नको." दादा तिथेच बाजूला बसला होता. त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, आईने नाही, वहिनीने नाही आणि मीही नाही, मला ते परत येताना गाडीत लक्षात आलं आणि मग काही केल्या डोक्यातून जाईना.

आमच्या घरातच बघा ना. आजी सत्तरी तालुक्यातली, तिची नऊ बाळंतपणं, सगळी वयजिणीच्या, म्हणजे सुइणीच्या हातची, त्यातली पाच मुलं जगली. आईचं ऑपरेशन झालं ते १९८८ साली, मी झाल्यावर लगेच, काय कापलं काय बांधलं हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं आणि कित्येक वर्षं ती समजून होती की गर्भपिशवीच काढली, फक्त पाळी येते कशी हे कोडं होतं तिला. आणि मी तांबीवाली, म्हणजे कॉपर-टी. तीन पिढ्या, तीन तऱ्हा, पण अंग प्रत्येक वेळी बाईचंच. हे पहिल्यापासून असंच होतं का, म्हणून वाचायला बसले, तर नव्हतं! मधे एक काळ असा होता की सरकारी कार्यक्रमात पुरुषांचीच ऑपरेशनं जास्त व्हायची. पण ते सांगण्याआधी थोडं मागे जायला लागेल.

आपल्याकडे मनुस्मृतीत बाईला क्षेत्र म्हटलंय आणि पुरुषाला बीज, म्हणजे शेत आणि बियाणं. ऋतुकाळ सोळा रात्रींचा मोजलाय, पहिल्या चार वर्ज्य, सम रात्री मुलगा विषम रात्री मुलगी. गंमत नाही, त्या सोळा रात्रींत बाईचं बीज सुटायचा दिवस साधारण येतोच, म्हणजे निरीक्षण अगदीच चुकीचं नव्हतं. पण शेत आणि बियाणं ही कल्पना मात्र महागात पडली कारण पीक आलं नाही की दोष शेताचा. युरोपातही वेगळं काही नव्हतं. १६७७ मधे लेव्हेनहूकने सूक्ष्मदर्शकातून शुक्रजंतू बघितले आणि बऱ्याच जणांना वाटलं की माणूस तयारच त्यात बसलेला असतो, बाई फक्त वाढवते. स्त्रीबीज प्रत्यक्ष बघायला १८२७ उजाडलं, फॉन बेअरने कुत्रीच्या अंडाशयात ते शोधलं. म्हणजे दीडशे वर्षं विज्ञानाकडे अर्धाच हिशोब होता.

याचा गोव्याशी काय संबंध? आहे, चांगलाच आहे. १८८० साली पोर्तुगीज सरकारने इथल्या हिंदूंच्या रूढींचा कायदा केला, त्यात हिंदू पुरुषाला दुसरं लग्न कधी करता येईल ते लिहिलंय. बायको २५ वर्षांची होईपर्यंत मूल झालं नाही तर, किंवा ती ३० ची झाली आणि मुलगा झाला नाही तर. मुलगा! आणि अवघ्या पंचवीस वर्षांनी, १९०५ मधे, नेटी स्टीव्हन्स नावाच्या अमेरिकन बाईंनी भुंग्यासारख्या एका किड्याच्या पेशी तपासून दाखवलं की नर की मादी हे ठरतं ते नराच्या बीजातल्या गुणसूत्रावरून. माणसातही तेच, एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा, बाईकडून नेहमी एक्सच येतो. त्या कायद्यामुळे किती बायकांच्या उरावर सवत आली असेल याचा विचार केला तरी पोटात तुटतं, आणि बिचाऱ्यांचा त्यात काडीचा हात नव्हता.

बाईचं बीज नेमकं कधी सुटतं हे तर त्याहून उशिरा कळलं. एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर म्हणायचे पाळीच्या आसपास गर्भ राहतो आणि मधले दिवस सुरक्षित, म्हणजे बरोब्बर उलटं! १९२४ मधे जपानमधे ओगिनो आणि पाठोपाठ ऑस्ट्रियात क्नाउस या दोघांनी वेगवेगळं काम करून दाखवलं की बीज सुटतं ते पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी. बीज जगतं जेमतेम एक दिवस, पुरुषबीज मात्र आत पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतं, म्हणून धोक्याचे दिवस पाच-सहा. यावरूनच कॅलेंडरची पद्धत आली. १९३० साली पोपनी कृत्रिम साधनांना बंदी सांगितली, १९६८ मधे परत तेच सांगितलं, ते सुद्धा त्यांच्याच आयोगातल्या बहुतेकांचं मत सूट द्यावी असं असताना. त्यामुळे कॅथलिक घरांमधे दिवस मोजणं हाच एक मान्य मार्ग उरला. आमच्या शेजारची आंटी आईला सांगायची, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलने बारीक खुणा असायच्या आणि तिच्या नवऱ्याला त्या खुणांचा अर्थ माहीत होता. पद्धत कच्चीच, पाळी मागेपुढे झाली की सगळं गणित कोसळतं, तिची दोन मुलं त्यातूनच झाली असं ती स्वतः म्हणायची. तरी मला त्यातली एक गोष्ट आवडते, ती पद्धत एकट्या बाईला करताच येत नाही, नवऱ्याला पण दिवस पाळायला लागतात.

आता मराठीतलं. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे मुलगे, गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ मधे मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याच वर्षी लंडनमधे मेरी स्टोप्सनी पहिलं क्लिनिक उघडलं होतं, म्हणजे आपण मागे नव्हतो, बरोबर होतो. या कामापायी त्यांची कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ च्या जुलैपासून वारेपर्यंत, १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, पदरचे पैसे घालून. बायको मालतीबाई या कामात सोबत. दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून खटला झाला, १९३४ मधे त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. आंबेडकर. खटला हरले. पण आंबेडकरांनी विषय सोडला नाही, १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला, त्या दिवशी ते स्वतः नव्हते म्हणून पक्षातल्याच रोहमांनी मांडला, आणि तो पडला. कर्वे सतत सांगत होते की बाईला नको असलेलं मूल तिच्यावर लादू नये, आणि हे ते शंभर वर्षांपूर्वी मराठीत लिहीत होते. शाळेत आम्हाला त्यांच्या वडिलांवर धडा होता, यांच्यावर एक ओळ नाही.

आणि या सगळ्या काळात गोवा होता पोर्तुगीजांकडे. पणजीत वैद्यकीय शाळा १८४२ पासून होती, तिथे शिकलेले डॉक्टर आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींपर्यंत जायचे, पण सत्तरीतल्या माझ्या आजीपर्यंत वयजीणच. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राजवटीचं ब्रीदच देव, देश, कुटुंब. तिथे पाळणा लांबवायची गोष्ट सरकार कशाला करेल? खुद्द पोर्तुगालात कुटुंब नियोजन सरकारी दवाखान्यांत आलं ते १९७६ साली, ती राजवट कोसळल्यावर. आपण १९६१ च्या डिसेंबरात सुटलो, आणि भारतात १९५२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू होता, त्यामुळे गोव्याच्या बायकांना ही सोय लिस्बनच्या बायकांच्या आधी मिळाली असं म्हणायला हरकत नाही. आधी १९६५ मधे लूप आला, गर्भाशयात बसवायचा, प्लॅस्टिकचा नागमोडी. आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजून तांबीलाच लूप म्हणतात. १९६८ मधे निरोध, पंधरा पैशांना तीन, आणि विकायला चहा-साबणाच्या कंपन्यांची माणसं घेतलेली म्हणजे चहा पोचतो त्या गावात निरोध पण पोचेल. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर.

तेव्हा भर होता पुरुषांच्या नसबंदीवर. १९७१ च्या जुलैमधे केरळात एर्नाकुलमला एकाच महिन्याच्या शिबिरात ६३ हजारांहून जास्त पुरुषांनी करून घेतली! हे वाचून मी परत परत आकडा बघितला.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर ऑपरेशनं, त्यातली ६२ लाख पुरुषांची, कोटे ठरवून, पगार अडवून, बसस्टँडवरून उचलून. महाराष्ट्राने तर सक्तीचा कायदाच विधिमंडळात मंजूर केला होता, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून राहिला. १९७७ मधे सरकार पडलं, पुढच्या वर्षी ऑपरेशनांचा आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास आला, खात्याचं नाव नियोजन बदलून कल्याण झालं. नसबंदी हा शब्दच शिवीसारखा झाला. पुढे कुठलाही पुढारी पुरुषांना हात लावायला धजला नाही. पण टार्गेट काही गेली नाहीत आणि नेमकी त्याच सुमाराला दुर्बिणीची पद्धत आली, बेंबीखाली छोटं छिद्र, नळीला रिंग, शिबिरात रांगेने बायका. सक्ती झाली होती पुरुषांवर आणि त्याची भरपाई बायकांनी केली, मला तरी या सगळ्या इतिहासाचा गाभा इथेच दिसतो. देशाच्या २०१९-२१ च्या आरोग्य सर्वेक्षणात, लग्न झालेल्या जोडप्यांत बायकांचं ऑपरेशन ३७.९ टक्के आणि पुरुषांचं ०.३.

शरीराच्या बाजूने बघितलं तर हे उलटं व्हायला हवं. बाईच्या गर्भनलिका पोटाच्या आत खोल, तिथे पोचायला पोट उघडायला लागतं किंवा फुगवून दुर्बीण घालायला लागते. पुरुषाची वीर्यवाहिनी कातडीच्या लगेच खाली, बोटांना लागते. १९७४ मधे चीनमधे ली शुनचियांग यांनी बिनटाक्याची पद्धत काढली, एक बारीक छिद्र, दहा-पंधरा मिनिटं, माणूस चालत घरी. पुरुषपणाला धक्का लागत नाही कारण टेस्टोस्टेरॉन रक्तातून जातं, त्या नळीतून नाही, आणि वीर्यातला शुक्रजंतूंचा वाटा इतका कमी असतो की फरक कळत पण नाही. अशक्तपणा येतो, जड काम होत नाही, हे सगळं आणीबाणीच्या भीतीतून उरलेलं.

गोळीचं पण सांगते. संप्रेरक हा शब्द आपल्याकडे पुस्तकात, बोलण्यात हार्मोनच. प्रोजेस्टेरॉन असताना नवं बीज सुटत नाही, गरोदरपणी सुटत नाही ते त्यामुळेच, हे कळल्यावर ते बाहेरून द्यायचं ठरलं, पण प्राण्यांपासून काढायला सोन्याच्या भावाने पडायचं. रसेल मार्करने १९४० च्या दशकात मेक्सिकोतल्या रानटी कंदातून, आपल्या कणग्या-कारांद्यांच्या लांबच्या भावंडातून, ते बनवायची वाट काढली. १९५१ मधे तिथेच तोंडाने घेता येणारं रूप तयार झालं. मोठी चाचणी १९५६ मधे पोर्तो रिकोतल्या गरीब बायकांवर, हे प्रयोग आहेत असं त्यांना नीट सांगितलं नव्हतं, आणि मळमळ, चक्कर अशा तक्रारी केल्या तर मनाचे खेळ म्हणून सोडून दिल्या. १९६० मधे अमेरिकेत परवानगी. त्या गोळीतलं इस्ट्रोजेन आजच्या माला-एन या सरकारी गोळीपेक्षा कितीतरी जास्त होतं. आपल्या लखनौच्या संस्थेने वेगळी गोळी काढली, सहेली, सुरुवातीचे तीन महिने आठवड्यातून दोनदा मग एकदा, इस्ट्रोजेन नाही, सरकारी दवाखान्यात तीच छाया नावाने मिळते.

पुरुषांसाठी? हार्मोनच्या इंजेक्शनची एक मोठी चाचणी झाली, ३२० पुरुष, परिणाम चांगला होता पण मनःस्थितीवर परिणाम, मुरुमं वगैरे त्रास दिसल्यावर थांबवली. थांबवली ते बरोबरच, त्रास तो त्रास. पोर्तो रिकोच्या बायकांचा पण तेव्हा असाच धरायला हवा होता. खरगपूरच्या आयआयटीतले सुजॉय गुहा १९७० च्या दशकापासून वीर्यवाहिनीत टोचायच्या एका जेलवर काम करताहेत, ३०३ पुरुषांवरच्या चाचणीचे निकाल २०२३ मधे आले. बाजारात अजून नाही.

गोव्यात आता बाईमागे सरासरी १.३ मुलं, म्हणजे पाळणा थांबवायला आपल्याला कुणी शिकवायची गरज राहिली नाही. कुणी थांबवायचा एवढंच उरलंय. हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं, सलग पाऊण तास, मधे तो एकदाच म्हणाला, "आईच्या वेळी बाबांना कुणी विचारलं होतं का गं?" नव्हतं विचारलं.

बुधवारी वहिनीच्या तपासणीला तिघंही गेलो. नर्सबाईंनी नेहमीप्रमाणे वहिनीला विचारलं, ऑपरेशनचं काय ठरलं. दादाने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "माझं होतं का इथे?" नर्सबाईंनी कागद बाजूला ठेवून त्याला नीट समजावलं, दोन दिवस जड उचलायचं नाही, बाईक नको, आणि लगेच मोकळं झालो असं समजायचं नाही, आत आधीचे शुक्रजंतू असतात म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं, रिपोर्ट शून्य आला की झालं. त्याने मोबाईलवर तीन महिने पुढची तारीख बघितली आणि वहिनीला दाखवली.