पॉइंटर: नुसता आकडा पुरत नाही

नवी मुंबईत रिक्षावाल्याला ‘सेक्टर 10’ एवढंच सांगा, तो लगेच विचारेल, ‘वाशीचा की नेरूळचा?’ सिडकोने आखलेल्या या शहरात प्रत्येक नोडचे, म्हणजे विभागाचे, सेक्टर वेगळे मोजलेले, म्हणून आकडा खरा असला तरी अर्धवट. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना पॉइंटरपाशी अडकणारी मुलं बहुतेकदा इथेच अडकतात. पॉइंटर म्हणजे पत्ता, हे त्यांना पाठ असतं. पण पत्त्यासोबत अजून काय लागतं, ते कुणी सांगितलेलं नसतं.

मेमरी म्हणजे बाइटांची लांबच लांब रांग आणि प्रत्येक बाइटला एक क्रमांक. ‘इंट गुण = 72;’ लिहिलं (इंट म्हणजे पूर्णांक) की आजच्या बहुतेक संगणकांवर त्या रांगेतले 4 बाइट ‘गुण’साठी राखले जातात. ‘&गुण’ म्हणजे त्यातल्या पहिल्या बाइटचा क्रमांक. तो ठेवायला दुसरं व्हेरिएबल घेतलं, ‘इंट *प = &गुण;’, की झाला पॉइंटर. 64 बिटच्या यंत्रावर तो स्वतः 8 बाइट जागा घेतो, मग तो एका अक्षराकडे बोट दाखवत असो की हजार आकड्यांच्या ॲरेकडे, म्हणजे ओळीने ठेवलेल्या गटाकडे.

खरा घोळ तारांकनाचा. ‘इंट *प’ मध्ये ते सांगतं की प हा पॉइंटर आहे; पुढे ‘*प = 80;’ मध्ये तेच चिन्ह ‘त्या पत्त्यावर जा आणि तिथे 80 लिही’ असा हुकूम देतं. एका चिन्हाला दोन कामं लावली, यात नवशिक्यांचा काही दोष नाही.

आता पत्त्यासोबत लागणाऱ्या दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे प्रकाराकडे (टाइप) येऊ. ‘प’मध्ये 1000 हा पत्ता आहे असं धरा. ‘प + 1’ किती? 1001 नव्हे, 1004. कारण प इंटचा पॉइंटर आहे, आणि पुढचा इंट 4 बाइट पलीकडे असतो. ‘चार’ (char, एका अक्षराचा 1 बाइटचा प्रकार) याचा पॉइंटर असता तर 1001, ‘डबल’ (दशांश आकड्यांचा प्रकार) याचा असता तर साधारणपणे 1008. यामागे इतिहास आहे. केन थॉम्पसन यांच्या बी भाषेत प्रकारच नव्हते. सगळा व्यवहार यंत्राच्या अख्ख्या शब्दांत (शब्द म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तेवढ्या बिटांचा गट). मग बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन संस्थेत पीडीपी-11 हे यंत्र आलं, ज्यात प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता होता. बीमधला पॉइंटर मात्र शब्दांचा क्रमांक धरून चालायचा, त्यामुळे तो वापरताना दर वेळी बाइटच्या पत्त्यात बदलावा लागे. डेनिस रिची यांनी 1971 ते 1973 या काळात बीची सी केली आणि प्रकार आणले, त्यामागचं हे एक कारण. पाऊल किती लांब टाकायचं, ते कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणारा) आधीच ठरवू लागला.

म्हणूनच ‘अ’ हा ॲरे असेल तर ‘अ[2]’ आणि ‘*(अ + 2)’ यांत काही फरक नाही. बेरीज उलटी केली तरी चालते, म्हणून ‘2[अ]’ सुद्धा चालतं! तोंडी परीक्षेत विचारायला मजेदार. नोकरीत असं लिहिलंत तर सहकारी शिव्या घालतील.

पॉइंटर लागतात कशाला? सीमध्ये फंक्शनला व्हेरिएबलची फक्त प्रत मिळते. दोन आकड्यांची अदलाबदल करणारं फंक्शन लिहिलं तर आत प्रतींची अदलाबदल होते, मूळ आकडे जागच्या जागी. पत्ते दिले तरच मूळ आकडे बदलतात. इंट वाचताना ‘स्कॅनएफ’ या फंक्शनला ‘&’ लागतो, तो याच कारणाने.

आणखी एक गंमत. एकाच वेळी चालणाऱ्या दोन प्रोग्रॅममध्ये अगदी सारखाच पत्ता दिसू शकतो, तरी त्यांचा एकमेकांना धक्का लागत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची पत्त्यांची यादी देते आणि हार्डवेअर ती खऱ्या मेमरीशी जुळवतं. वाशीचा सेक्टर 10 आणि नेरूळचा सेक्टर 10, तसंच.

चुकीच्या पत्त्यावर गेलात आणि ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ आला, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच बंद पडला, तर नशीबवान समजा. चूक निदान दिसली. वाईट प्रकार म्हणजे प्रोग्रॅम गुपचूप चालत राहणं. 2014 मध्ये उघड झालेल्या ‘हार्टब्लीड’ या त्रुटीत ओपनएसएसएल (इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणारं सॉफ्टवेअर) ठरलेल्या हद्दीपलीकडची मेमरी वाचून समोरच्याला पाठवत होतं, काही वेळा गुप्त चाव्यांसकट.

‘फ्री’ केलेल्या, म्हणजे ज्याची जागा परत केली अशा, पॉइंटरबाबतही तेच. जागा परत गेली तरी पॉइंटरमधला जुना आकडा तसाच राहतो. ‘प’मध्ये लगेच नल (कुठेच बोट न दाखवणारी किंमत) भरण्याची सवय चांगली, पण तोच पत्ता ‘क’मध्येही ठेवला असेल, तर ‘क’ला या बदलाचा पत्ताच नसतो.